शुश्रूषा करणाऱ्यांची पाठ

मनुष्य धडधाकट असतो तोंपर्यंत आपलें शरीर किती जड आहे याची त्याला कल्पना नसते. तो आपल्या पायांनीं उठतो, बसतो, घाट चढतो व उतरतो. आजारानें अंथरुणास खिळल्यावर मात्र तेंच शरीर दुसऱ्या कोणास तरी उचलावें लागतें. रोग्यास कुशीवर वळविणें, उशीकडे वर सरकविणें, खाटेवरून खुर्चींत बसविणें, त्याच्या खालची चादर बदलणें, हीं कामें रुग्णालयांत अहोरात्र चालूं असतात. रोगी बरा होऊन घरीं जातो व डॉक्टरांचे आभार मानतो. परंतु त्याला दहा वेळां उचलणारी सिस्टर किंवा मावशी त्याच रात्रीं कंबरेला हात लावून बसली असेल, ही गोष्ट त्याच्या ध्यानींमनींही नसते. रुग्णालयांतील सेवकांना जडणारीं पाठीचीं, मानेचीं व सांध्यांचीं हीं दुखणीं कशानें उत्पन्न होतात, आणि तीं टाळतां कशीं येतील, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

आपल्या आणे पठारावरील वाचकांस ओझें म्हणजे काय हें शिकवावयास नको. डोक्यावर हंडा व काखेंत कळशी घेऊन चढ चढणाऱ्या आयाबहिणी आपण पाहिल्या आहेत. कांद्याचीं पोतीं गाडींत चढविणारे हमाल आळेफाट्यास आणि नारायणगांवास पाहिले आहेत. रंगदासस्वामींच्या यात्रेंत आमटीच्या भल्यामोठ्या कढया चुलवणावर चढतात, हें तर आपल्या गांवचें भूषणच आहे. भरलेली कढई एकट्यानें उचलण्याचें धाडस तेथें कोणी करीत नाहीं. चार जण हात लावतात, एक जण इशारा देतो, आणि मग ती हालते. कढईच्या बाबतींत हें शहाणपण आपल्याला सहज सुचतें. रोग्याच्या बाबतींत मात्र तें सुचत नाहीं. साठ किलो वजनाच्या माणसास एकट्या परिचारिकेनें उठवून बसवावें, यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं.

प्रथम पाठीची रचना थोडक्यांत पाहूं. पाठीच्या कण्यांत मान, छाती व कंबर मिळून हालूं शकणारे २४ मणके असतात. त्यांच्या खालीं कंबरेचें त्रिकोणी हाड व माकडहाड असतें. मणक्यांमध्यें चिवट पण लवचिक अशा चकत्या असतात. चकतीच्या कडेस बळकट तंतूंचीं वेटोळीं असतात आणि मध्यभागीं मऊ गर असतो. बैलगाडीला धक्का बसूं नये म्हणून आपण खालीं पेंढा घालतों, तसें या चकत्यांचें काम असतें. कण्याच्या मागील बाजूस लांब स्नायू असतात. शिडाच्या काठीस दोर जसे ताणून धरतात, तसे हे स्नायू कण्यास सांवरून धरतात. कण्याच्या आंतून मज्जारज्जु जातो, आणि दोन दोन मणक्यांमधून मज्जातंतूंच्या शाखा बाहेर पडून हातापायांकडे जातात.

आतां शाळेंत शिकलेला तरफेचा नियम येथें लावून पाहा. पहारीनें धोंडा हालवितांना दांड्याचा लांब भाग आपल्याकडे असतो, म्हणून थोड्या बळांत मोठें काम होतें. वाकून ओझें उचलतांना याच्या अगदीं उलट घडतें. लांब भाग ओझ्याच्या वांट्यास जातो आणि आखूड भाग पाठीच्या स्नायूंच्या वांट्यास येतो. हातांतील ओझें कंबरेच्या मणक्यापासून ४० सेंटिमीटर पुढें आहे आणि तें तोलून धरणारे स्नायू मणक्यामागें सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर आहेत, असें धरा. मग २० किलो ओझ्यासाठीं स्नायूंना १६० किलोइतका ताण घ्यावा लागतो, कारण वीस गुणिलें चाळीस म्हणजे आठशें, आणि आठशांस पांचानें भागिलें असतां एकशेंसाठ. वांकलेल्या धडाचा व डोक्याचा भार यांत धरलेलाच नाहीं. हा सगळा ताण शेवटीं कंबरेच्या चकत्यांवर दाब म्हणून उतरतो.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. १९९९ सालीं जर्मन शास्त्रज्ञांनीं केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत एका स्वयंसेवकाच्या कंबरेच्या चकतींत सूक्ष्म दाबमापक बसवून निरनिराळ्या स्थितींतील दाब मोजला होता. सरळ उभें असतांना जो दाब होता, तो पाठ वांकवून २० किलो ओझें उचलतांना साडेचार पटींहून अधिक झाला. तेंच ओझें गुडघे वांकवून, शिकविलेल्या रीतीनें उचललें, तेव्हां दाब कमी झाला खरा; पण तोही उभें राहण्याच्या सुमारे साडेतीन पट भरला. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. उचलण्याची रीत सुधारली म्हणजे सर्व झालें, असें मानणाऱ्यांस त्यांत उत्तर आहे.

कोणी म्हणेल, "हमाल तर याहून मोठीं ओझीं उचलतो, मग परिचारिकेचें एवढें काय?" पोत्यास कान असतात, ते धरतां येतात. पोतें स्थिर असतें, अंगाशीं घट्ट धरतां येतें, आणि हातून निसटलें तर फार झालें तर फाटतें. रोग्यास धरावयाचें कोठें? एका हाताला सलाईन लागलेलें, पोटावर टांके, पाय प्लास्टरांत. तो घाबरून अकस्मात् गळ्यास मिठी मारतो, किंवा चक्कर येऊन एकाच बाजूस कलंडतो. खाट रुंद असल्यामुळें उचलणाऱ्यास दुरून, ओणवें होऊन व कंबर पिळून हात घालावे लागतात. आणि निसटूं देण्याचा तर प्रश्नच नाहीं. स्वतःची पाठ गेली तरी बेहत्तर, पण रोगी पडतां कामा नये, अशी तिची वृत्ति असते. जागतिक मजूर संघटनेनें १९६७ सालीं धडधाकट पुरुष कामगारास ५५ किलो ही ओझ्याची कमाल मर्यादा सुचविली. परंतु रोगी उचलण्याच्या कामाविषयीं अमेरिकन अभ्यासक थॉमस वॉटर्स यांनीं २००७ सालीं मांडलेली मर्यादा अवघी १६ किलोंची आहे, आणि तीही रोगी शांत व सहकार्य करणारा असेल तर! मनुष्याच्या एका पायाचें वजन त्याच्या एकूण वजनाच्या सुमारें सहाव्या हिश्श्याइतकें असतें. म्हणजे साठ किलोंच्या रोग्याचे नुसते दोन पाय एकदम उचलून खाटेवर ठेवले तरी ही मर्यादा ओलांडली जाते.

ओझें हें या दुखण्यांचें पहिलें कारण. दुसरें कारण अवघडलेपण. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तासन्‌तास मान खालीं घालून उभा असतो. डोक्याचें वजन सुमारें ५ किलो असतें आणि मान पुढें झुकली कीं तें मानेमागील स्नायूंस एकसारखें ओढून धरावें लागतें. सोनोग्राफी करणाऱ्याचा एक खांदा सतत वर उचललेला असतो. क्ष-किरणांच्या खोलींत शिशाचा जड आंगरखा घालून उभें राहावें लागतें. प्रयोगशाळेंतील तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकावर ओणवा असतो, आणि रुग्णालयाच्या कचेरींतील कारकून संगणकापुढें. ताणलेल्या स्नायूंतून रक्त नीट वाहात नाहीं, म्हणून कांहीं एक न उचलतांही अंग दुखूं लागतें. एका जागीं हात आडवा ताणून पाटी धरून पाहा, दोन मिनिटांत याचा प्रत्यय येईल.

तिसरें कारण पुनरावृत्ति. फरशी पुसणाऱ्या मावशीचें मनगट, ओल्या चादरी पिळणाऱ्या धोब्याचीं बोटें, पाकशाळेंत पातेलें घांसणाऱ्याचा खांदा, यांना एकच हालचाल दिवसांतून शेंकडों वेळां करावी लागते. एका वेळेचा ताण क्षुल्लक असतो, पण थेंबे थेंबे तळें सांचे. रात्रीच्या पाळीनें झोंप पुरी झाली नाहीं, तर दिवसाची झीज भरून निघण्यास अवसर मिळत नाहीं. त्यांत रुग्णालयांतील काम करणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा अधिक. त्यांची तेथील पाळी संपली तरी घरची पाळी सुरू होते: पाणी, स्वयंपाक, लहान मूल कडेवर. पाठीस सुटी अशी मिळतच नाहीं. जेथें खाटा अधिक व माणसें थोडीं, तेथें ही तीन्ही कारणें एकवटतात.

कामावरून दुखणें ओळखण्याची ही दृष्टि नवी नाहीं. इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें १७०० सालीं कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत हमाल, सुइणी, दिवसभर उभें राहून व दिवसभर बसून काम करणारे यांचीं दुखणीं वेगवेगळ्या प्रकरणांत वर्णिलेलीं आहेत. रोग्यास विचारावयाच्या प्रश्नांत "तुझा धंदा कोणता?" हा एक प्रश्न वैद्यानें वाढवावा, असें त्याचें सांगणें होतें. पुढें रुग्णालयें वाढलीं. आपल्या महाराष्ट्रांत डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं मिरजेस १८९४ सालीं रुग्णालय उघडलें व थोड्याच वर्षांत तेथें परिचारिकांचें शिक्षणही सुरू झालें. खेड्यापाड्यांतील मुली त्या व तशा इतर शाळांतून शिकून निघाल्या व घरोघरच्या आजाऱ्यांस आधार झाल्या. त्यांनीं दुसऱ्यांचीं दुखणीं टिपून ठेविलीं. त्यांच्या स्वतःच्या पाठीची नोंद मात्र फार काळ कोणी ठेविली नाहीं. ही चौकशी पद्धतशीर रीतीनें व्हावी म्हणून १९८७ सालीं उत्तर युरोपांतील अभ्यासकांनीं एक प्रश्नावली तयार केली. मान, खांदा, कोपर, मनगट, पाठ, कंबर, मांडी, गुडघा व घोटा यांपैकीं कोठें दुखतें, आणि त्यामुळें काम थांबलें काय, असें तींत विचारतात. आज देशोदेशींच्या रुग्णालयांत ती वापरली जाते, आणि परिचारिकांच्या उत्तरांत बहुतेक ठिकाणीं कंबर अग्रभागीं असते.

हीं दुखणीं लपून राहतात याचें एक कारण लाज होय. "पाठ दुखते म्हणजे काम नको आहे," असा शेरा ऐकूं येईल ही भीति, कंत्राटावरील नोकरी जाईल ही चिंता, आणि सेवेंत कुरकुर करूं नये हा संस्कार, यांमुळें सेवक गोळी घेऊन पुन्हां वॉर्डांत जातो. पण दुखणें म्हणजे दुबळेपणा नव्हे. वरोड्याजवळ आनंदवन वसवून कुष्ठरोग्यांची सेवा करणारे बाबा आमटे यांना कण्याच्या विकारामुळें फार वेळ बसतां येत नसे; बहुधा उभें राहावें किंवा आडवें पडावें एवढेंच त्यांच्या हातीं होतें. तशा स्थितींतही १९८५ सालीं ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे "भारत जोडो" यात्रेस निघाले. ज्याची पाठ दुखते तो आळशी, असें म्हणणाऱ्यानें हें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लक्ष लोकांस कंबरदुखी होती, आणि मनुष्यास पंगु करणाऱ्या कारणांत तिचा क्रमांक पहिला लागतो.

दुसरें कारण आपल्या समजुतींत आहे. कंबरेंत चमक भरली कीं आपण "उसण भरली" म्हणतों आणि पायाळू माणसाचा शोध करितों. त्यानें पाय लावला कीं उसण उतरते असा समज आहे. यांत एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. कंबरेचीं बहुतेक साधीं दुखणीं कांहीं आठवड्यांत आपोआप कमी होतात. ज्यानें मध्यंतरीं पाय लावला त्यास श्रेय मिळतें! परंतु ज्या कामानें उसण भरली तें काम तसेंच राहिलें, तर ती पुन्हां भरते, आणि दर वेळीं अधिक दिवस मुक्काम करिते. शिवाय दुखऱ्या पाठीवर जोरानें पाय देणें धोक्याचेंही आहे. तसेंच, पाठ दुखूं लागली म्हणजे पंधरा दिवस अंथरुणांत पडून राहावें, हीही जुनी समजूत आतां टाकून द्यावी. एखादा दिवस विश्रांति घेऊन शक्य तितकें हिंडावें फिरावें, जड काम तेवढें टाळावें, असा आजच्या वैद्यकाचा सल्ला आहे. मात्र पायांतील शक्ति कमी होणें, जांघेंत बधिरपणा येणें, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणें, ताप येणें, अथवा पडल्यानंतर पाठ दुखूं लागणें, यांपैकीं कांहीं झाल्यास एक दिवसही न दवडतां डॉक्टरांकडे जावें.

आतां उपायांकडे वळूं. पुष्कळ वर्षें असा समज होता कीं परिचारिकांना उचलण्याची योग्य रीत शिकविली, किंवा कंबरेस पट्टा बांधावयास दिला, म्हणजे भागलें. परंतु केवळ शिकवणीनें वा पट्ट्यानें कंबरदुखी टळत नाहीं, असें अनेक चांचण्यांवरून दिसून आलें आहे. वर दिलेला दाबाचा आंकडा आठवा, म्हणजे याचें नवल वाटणार नाहीं. खरा उपाय माणसाची पाठ कामाप्रमाणें वांकविण्यांत नसून, काम माणसाच्या पाठीप्रमाणें लावून घेण्यांत आहे. इंग्लंडांत १९९२ सालीं जे नियम झाले त्यांचा क्रम याच तत्त्वावर आहे: धोक्याचें उचलणें टाळतां येत असेल तर आधीं तें टाळा; टाळतां येत नसेल तर त्यांतील धोका तपासा; आणि मग तो होईल तितका कमी करा.

याचा अर्थ व्यवहारांत असा. खाट वरखालीं करतां येईल अशी असावी, म्हणजे परिचारिकेस वांकावें लागत नाहीं. रोग्यास उचलून सरकविण्याऐवजीं त्याच्याखालीं गुळगुळीत कापडाची सरकती चादर घालावी. घर्षण कमी झालें कीं बळही कमी लागतें. फार जड किंवा अगदींच निश्चेष्ट रोग्यासाठीं झोळीचें उचलयंत्र असावें. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक नीट चालावे, कारण निसटत्या खुर्चीनें कितीतरी कंबरा मोडल्या आहेत. सामान ठेवण्याचीं फडताळें डोक्यावर किंवा पायांशीं नसावीं, कंबरेच्या उंचीवर असावीं. आणि सर्वांत मोठें साधन म्हणजे दुसरें माणूस: पाळीवर माणसें पुरेशीं असतील तरच "थांब, मी हात लावतें" असें म्हणतां येतें. दुखण्याची पहिली कळ येतांच ती सांगण्याची मोकळीक असावी, आणि सांगणाऱ्यास कांहीं दिवस हलकें काम मिळावें. यांत औदार्याचा प्रश्न नाहीं. अनुभवी परिचारिका पाठीमुळें काम सोडून गेली, तर तिच्या जागीं दुसरी तयार होण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर हाल रोग्यांचेच होतात.

आपल्यासारख्या खेड्यांतील लोकांचें यांत काय काम, असें विचारल्यास पुष्कळ आहे. येथें प्रत्येक रोग्यासंगें घरचें माणूस असतें, आणि निम्मी शुश्रूषा तेंच करितें. पेमदऱ्यापासून नळवण्यापर्यंत कोणत्याही वाडीवरून रोगी न्यावयाचा असला, तर पहिली उचल घरच्यांची व शेजाऱ्यांची असते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ सालीं सुरू झाली. पण ती येते तेथपर्यंत बाजेवर किंवा झोळींतून न्यावें लागतेंच. पक्षाघातानें पडलेली आजी घरीं असली, म्हणजे सून किंवा नात हीच परिचारिका. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकानें शिकून ठेवाव्या.

उचलण्यापूर्वीं रोग्याशीं बोलावें. त्याला जें स्वतः करतां येतें तें त्यालाच करूं द्यावें. त्यानें गुडघे दुमडून टांचा रोंविल्या तरी निम्मा भार हलका होतो. एकट्यानें ओढूं नये. दोघांनीं दोन्ही बाजूंस उभें राहून खालची दुमडलेली चादर धरावी, आणि एकानें "एक, दोन, तीन" म्हटल्यावर एकदम सरकवावें. खाटेच्या अगदीं जवळ उभें राहावें, पाय थोडे फांकवावे व गुडघे सैल सोडावे. वळावयाचें असेल तर कंबर न पिळतां पाऊल वळवावें. रोग्यास आपल्या गळ्यांत हात टाकूं देऊं नये. त्याच्या कंबरेस घट्ट बांधलेलें उपरणें धरण्यास अधिक सोयीचें होतें. तोल जाऊन तो पडूं लागला, तर त्याला हवेंत झेलण्याचा हट्ट न धरतां आपल्या अंगाच्या आधारानें अलगद खालीं बसूं द्यावें, व मग मदत बोलवावी. बरेच दिवसांचा आजार असेल तर बाजेखालीं भक्कम, न हालणारे ठोकळे देऊन ती उंच करावी. आणि आजीची सेवा एकाच सुनेच्या माथीं न मारतां घरांतील पुरुषांनीं व मोठ्या मुलांनींही पाळी घ्यावी.

रुग्णालयांत गेलों असतांही हाच विवेक ठेवावा. जुन्नर, नारायणगांव किंवा मंचर येथील रुग्णालयांत आपलें माणूस दाखल असलें, आणि सिस्टर एकटीच त्याला वळवीत असली, तर खिडकीशीं उभें राहून पाहात बसूं नये; "सिस्टर, कोणत्या बाजूनें धरूं?" असें विचारावें. मात्र तिनें सांगितल्यावांचून हात घालूं नये, कारण नळी किंवा टांका कोठें आहे हें तिला ठाऊक असतें. तिनें "दुसरें माणूस येईपर्यंत थांबा" म्हटलें, तर तो हयगयपणा समजून रागावूं नये. रोग्याची व स्वतःची, दोघांचीही काळजी ती त्यांत घेत असते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कित्येक जण पुढें परिचारिका, डॉक्टर, तंत्रज्ञ किंवा आशाताई होतील. तो मार्ग थोर आहे. त्यासाठीं वाचन हवें, हात हलका हवा, जीभ गोड हवी. आणि पाठ शाबूत हवी. आतांपासून दररोज थोडा व्यायाम करा, पाठ व पोट यांचे स्नायू बळकट ठेवा. पण एवढ्यावर संतुष्ट राहूं नका. ज्या ठिकाणीं काम कराल तेथें खाट खालीं असेल तर ती उंच करण्याचा आग्रह धरा, एकट्यावर ओझें पडत असेल तर दुसऱ्यास हांक मारा, आणि कोणी हांक मारली तर ओ द्या. आमटीच्या कढईस जो न्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या लावीत आलों, तोच अंथरुणावरील माणसास व त्याला उचलणाऱ्यास लावावयाचा आहे.